सांबाराचे पॅटिस घरच्या ओव्हनमध्ये कसे करावेत

बेकरीतलं आलू पॅटिस मला मनापासून आवडतं. पण त्यातली पिवळी भाजी काढून तिथे सांबारवडीचं सारण भरलं तर जे होतं, ते अजून तरी मला कुठल्या बेकरीत मिळालेलं नाही. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधीच सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सांबारवडी म्हणजे पिठाच्या पारीत तिचं सारण भरून तळलेली वडी. इडलीबरोबरच्या सांबाराचा इथे काही संबंध नाही.

पहिल्यांदा हा उद्योग मी मे महिन्यात केला, तोही भर दुपारी. बाहेर पारा ४५ च्या आसपास. दुसऱ्या घडीलाच बटर पिठातून पाझरायला लागलं. तरी रेटून ट्रे ओव्हनमध्ये ढकलला, तर पॅटिस स्वतःच्याच तुपात तळून निघाले. आई म्हणाली, "बाप्पा! हे भाजलं का तळलं?" बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि नागपूरचं स्वयंपाकघर उन्हाळ्यात त्याच्या पुढेच असतं. म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं. सांबाराच्या जुड्याही तेव्हाच स्वस्त आणि कोवळ्या मिळतात. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे पाचला उठा, आणि कूलर बंद ठेवा. त्याच्या दमट हवेत पीठ पोळपाटाला चिकटत राहतं.

पीठ आणि बटर

१२ पॅटिससाठी २५० ग्रॅम मैदा, एक चमचा लिंबाचा रस आणि २५ ग्रॅम थंड बटर घ्या. बटर मैद्यात चोळून साधारण १३० ते १४० मिली गार पाण्यात पीठ भिजवा. पुरीच्या पिठापेक्षा सैल आणि पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट हवं. फार मळू नका, नाहीतर लाटताना ते रबरासारखं मागे येतं. बाजारातलं खारं बटर वापरत असाल तर पिठात मीठ चिमूटभरच. झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

थरांसाठी आणखी २०० ग्रॅम बटर लागतं, म्हणजे १०० ग्रॅमच्या दोन वड्या. दोन्ही शेजारी ठेवून वर-खाली बटर पेपर लावा आणि लाटण्याने हलके ठोके देत १५ सेंटीमीटरचा चौकोन करा. चिरोट्यात तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा जे काम करतो, तेच इथे हे बटर करतं: दोन थर एकमेकांना चिकटू देत नाही. फरक असा की चिरोटा कढईतल्या तेलात उमलतो आणि पॅटिस वाफेवर. बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पिठातही असतं. ओव्हनच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती थरांना वर उचलते. बटर आधीच वितळून पिठात मुरलं, तर वाफेला उचलायला वेगळे थरच उरत नाहीत.

घड्या

पीठ ३४ बाय १७ सेंटीमीटर लाटा. अर्ध्या भागावर बटरचा चौकोन ठेवा, उरलेला अर्धा भाग वर घ्या आणि कडा बोटाने दाबून बंद करा. आता लांबट लाटा, साधारण ४५ सेंटीमीटरपर्यंत. वरचा एक तृतीयांश भाग मध्यावर, खालचा त्याच्यावर. ही एक घडी. पीठ पाव वळण फिरवून पुन्हा लाटा, पुन्हा तशीच घडी. मग अर्धा तास फ्रिज. आणखी दोन घड्या, पुन्हा अर्धा तास. उन्हाळ्यात मात्र प्रत्येक घडीनंतर फ्रिज.

चार घड्यांत बटरचे ८१ थर होतात. सहा केल्या तर ७२९ होतात, पण घरी त्या नादी लागू नये. थर इतके बारीक होतात की आपल्या हातून ते फाटून एकमेकांत मिसळतात.

सगळं कसब बटर आणि पीठ सारखंच मऊ असण्यात आहे. बोट दाबलं की खळी पडावी, पण बोट रुतू नये. जानेवारीच्या सकाळी उलटीच पंचाईत होते. फ्रिजमधून काढलेलं बटर दगड झालेलं असतं आणि लाटताना आत तडकून त्याचे तुकडे होतात, ते पिठाच्या पृष्ठभागातून स्पष्ट दिसतात. अशा वेळी पाच-सात मिनिटं ओट्यावर नुसतं ठेवून द्या. गरमीत ओटा तापलेला असेल तर लाटण्याआधी बर्फाची परात त्यावर दहा मिनिटं ठेवून मग कोरडा पुसा.

सारण

दोन मोठ्या जुड्या सांबार धुऊन, जुन्या धोतराच्या कापडावर पंख्याखाली तासभर पसरा. पानाला हात लावला तर ओल जाणवता कामा नये. मग बारीक चिरा, कोवळे देठ राहू द्या. कढईत दोन चमचे तेलात तीळ, खसखस आणि चारोळी प्रत्येकी दोन चमचे परता. (हे नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलं तर ताजं मिळतं.) त्यात ठेचलेली सहा हिरवी मिरची, लसूण, आलं आणि वाटीभर किसलेलं सुकं खोबरं घाला. खोबरं तांबूस झालं की गॅस बंद करा आणि मग सांबार घाला. ते शिजवायचं नाही, कढईच्या उष्णतेने जेवढं नरमेल तेवढं पुरे.

सांबारवडीत पुडाला, म्हणजे पारीला, आतून चिंच-गुळाचं पाणी फासतात, तो मोह इथे आवरा. ओलाव्याने तळ कच्चा राहतो. आंबटपणासाठी आमचूर, गोडीला चमचाभर साखर आणि ओल शोषायला दोन चमचे कोरडं भाजलेलं बेसन. काळा मसाला चमचाभर. मीठ अगदी शेवटी, भरायच्या वेळी. आधी घातलं की सांबाराला पाणी सुटतं. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पिठाजवळ नेऊ नका.

भरणं आणि भाजणं

पिठाचे दोन भाग करा, एक फ्रिजमध्येच राहू द्या. दुसरा ३२ बाय २२ लाटून कडा कापा आणि १० सेंटीमीटरचे सहा चौकोन करा. सुरी धारदार हवी आणि सरळ खाली दाबायची. ओढली तर कडेचे थर एकमेकांत चिकटतात आणि ती बाजू फुलत नाही. दीड-दोन चमचे सारण ठेवून त्रिकोणी घडी करा, आतल्या कडेला पाण्याचं बोट लावा. अंड्याऐवजी वरून साईचं दूध लावा, फक्त माथ्यावर. कापलेल्या कडेवर दूध ओघळलं तर तीही चिकटते.

ट्रे २० मिनिटं फ्रिजमध्ये. तोवर ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) २१० अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून, १५ मिनिटं तापवा. मधल्या खाचेत ट्रे ठेवून २१० वर १५ मिनिटं, मग १८० वर १५ ते १८. पहिली १५ मिनिटं दार उघडायचं नाही, कितीही वास सुटला तरी. वरचा रंग बघून फसू नका, एक उलटून तळ बघा. खारीसारखा तांबूस झाला की झालं. काढल्यावर जाळीवर ठेवा, ताटात ठेवलेत तर खालून घाम फुटतो.

केचप नको. आम्ही सांबारवडीसारखं याच्याबरोबरही ताकाची पातळ कढी घेतो, कपात. उरलेले मायक्रोवेव्हमध्ये गरम केले तर लोळागोळा होतात, त्यापेक्षा ओटीजीत १६० वर सात-आठ मिनिटं. न भाजलेले फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. थेट तसेच ओव्हनमध्ये घाला, पाच मिनिटं जास्त लागतात.

आणि कापलेल्या कडा मळून गोळा करू नका, थर जातात. एकावर एक रचून लाटा, वर जिरं भुरभुरा, पट्ट्या कापून त्याच ट्रेच्या कोपऱ्यात भाजा. दुसऱ्या दिवशीच्या चहाची खारी होते.