मिकोनोसचा बीच क्लब: फोटो बघून बुक करू नका, आधी वारा विचारा

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मिकोनोस या ग्रीक बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका देखण्या बीच क्लबात आम्ही चौघांनी सनबेडच्या दोन जोड्या बुक केल्या होत्या. रीलमध्ये दिसलं ते सगळं तिथे होतं: वेताच्या छत्र्या, पांढऱ्या गाद्या, निळंशार पाणी. रीलमध्ये वारा तेवढा ऐकू आला नव्हता, कारण त्यावर गाणं चढवलेलं होतं. दीड वाजता सॅलडमध्ये वाळू करकरायला लागली, अडीचला माझा टॉवेल उडून शेजारच्या इटालियन कुटुंबाच्या टेबलावर जाऊन पडला, साडेतीनला क्लबच्या पोरांनी येऊन छत्र्या मिटवल्या. डिपॉझिट परत मिळणार नाही हे बुकिंगच्या मेलमध्ये लिहिलेलं होतंच. आम्ही ते वाचलं नव्हतं.

क्लबचा दोष काहीच नव्हता. आम्ही आधी क्लब पसंत केला आणि तो बेटाच्या कुठल्या अंगाला आहे हे टॅक्सीत बसल्यावर नकाशात पाहिलं. आधी किनारा ठरवायचा, मग दिवसातली वेळ, आणि क्लबचं नाव सगळ्यात शेवटी, हे शहाणपण मला तिथे दोनदा गेल्यावर आलं. ओळखीचे लोक अजूनही पहिला प्रश्न विचारतात तो नावाचाच: "भारी क्लब कुठला गं?"

वाऱ्याला कमी लेखणं

ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून जो कोरडा वारा सुटतो, त्याला ग्रीक लोक मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर. ग्रीसच्या वरच्या बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानवर कमी, आणि तो कमी दाबाचा पट्टा पार आपल्या मान्सूनच्या कमी दाबाशी जोडलेला. म्हणजे इकडे कोकणात धो-धो पाऊस पाडणारं जे काही चाललेलं असतं, त्याचंच दुसरं टोक तिकडे निरभ्र आकाशाखाली तुमची छत्री उडवत असतं. ढग नाहीत म्हणजे हवा छान, हा आपला हिशेब तिथे चालत नाही.

हा वारा एकदा लागला की तीन-चार दिवस हलत नाही. सकाळी जरा मवाळ असतो, दुपारी चढतो. ग्रीसमध्ये वाऱ्याचा अंदाज बोफोर्टच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या मापाच्या, आकड्यांत सांगतात आणि हॉटेलच्या रिसेप्शनवरचा मुलगाही "उद्या सहा" एवढंच म्हणतो. 6 म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटर, 7 म्हणजे 50 ते 61. पाचाला टोपी धरून बसता येतं. सहा ऐकले की मी उत्तर किनारा त्या दिवसापुरता विसरते.

उत्तरेकडे तोंड असलेले किनारे म्हणजे फ्तेलिया, पानोर्मोस, आगिओस सोस्तिस. वारा नसेल त्या दिवशी हेच सगळ्यात सुंदर, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही ते कायमचे यादीतून काढाल. ओर्नोस, प्सारू, प्लातिस यालोस, पारागा, पॅरडाइज, सुपर पॅरडाइज, एलिया हे दक्षिणेचे. मधल्या टेकड्यांमुळे तिथलं पाणी बरंचसं सपाट राहतं. आग्नेयेला कालाफातिस आहे, तिथे विंडसर्फिंगवाले मुद्दाम वारा शोधत येतात. त्यावरून काय ते समजा.

दक्षिणेच्या शांत पाण्यातही एक गोम आहे आणि लहान मुलं बरोबर असतील तर ती नीट समजून घ्या. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. अलिबागला, गणपतीपुळ्याला दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, पाण्यावर तरंगणारी वस्तू तो किनाऱ्याकडेच ढकलतो. मिकोनोसच्या दक्षिण किनाऱ्यावर मेल्तेमी जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तोही ऐन दुपारी. फुगवलेलं बदक, हवेची गादी, त्यावर बसलेलं पोर, सगळं बाहेरच्या बाजूला सरकत जातं. पाणी सपाट असल्यामुळे काठावरच्या कुणाला ते लवकर लक्षातही येत नाही. वाऱ्याच्या दिवशी बदक किनाऱ्यावरच सावलीला ठेवा.

पलंगाचा भाव ऐकून हो म्हणणं

गोव्याने आपल्याला लाडावून ठेवलंय. शॅकवाल्याकडे दोन बिअर आणि एक प्लेट कलामारी सांगितली की पलंग, म्हणजे सनबेड, संध्याकाळपर्यंत आपला. मिकोनोसमध्ये पलंगाचा हिशेब वेगळा आणि खाण्याचा वेगळा. शिवाय तो प्रत्येक क्लबात निराळा, म्हणून दोन क्लबांचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली की हमखास फसगत होते.

पहिला फरक भाड्याचा आणि मिनिमम स्पेंडचा. भाडं म्हणजे गेलेले पैसे, जेवण त्याच्या वर. मिनिमम स्पेंड म्हणजे तेवढ्या रकमेचं तुम्ही खायचं-प्यायचं. पुण्या-मुंबईच्या क्लबात "फुल कव्हर" म्हणतात तोच प्रकार. कमी खाल्लं तरी पैसे पूर्ण द्यायचे, जास्त खाल्लं तर वरचे वेगळे. काही ठिकाणी दोन्ही असतात. समजा एका क्लबात भाडं 80 युरो आणि दुसऱ्यात मिनिमम स्पेंड 150. दिवसभर बसून दोघं जेवणार असाल तर बहुतेक वेळा 150 वालाच स्वस्त पडतो. दोन तास डुंबून निघणार असाल तर मुळीच नाही.

दुसरा फरक रांगेचा. प्सारूसारख्या किनाऱ्यावर पाण्याजवळच्या रांगेचे भाव तीन आकडी युरोंत जातात आणि मागच्या रांगेत तेच कमी होतात. भूमध्य समुद्राला आपल्यासारखी भरती-ओहोटी जवळपास नाही, त्यामुळे पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी. चौथ्या रांगेतून ते वीस पावलांवर असतं. वीस पावलांचे शंभर युरो मी देत नाही. ज्यांना फोटोच हवाय त्यांनी द्यावेत, माझं काही म्हणणं नाही.

म्हणून बुक करण्याआधी क्लबाला एकच मेसेज पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. हा भाव जोडीचा की माणशी? यातले किती पैसे खाण्यात वळते होतात? रांग कितवी? जागा किती वाजेपर्यंत आमची? आणि वाऱ्यामुळे तुम्हीच छत्र्या मिटवल्या तर डिपॉझिटचं काय? शेवटचा प्रश्न विचारणारे फार थोडे. आम्ही विचारला असता तर त्या दिवशीच्या पैशांचं निदान दुःख तरी आधीच झालं असतं.

शाकाहारी मंडळींसाठी एक जास्तीचा धोका. मोठ्या क्लबांचा मेन्यू सुशी, खेकडा, स्टेक यांच्या जिवावर उभा असतो. माझ्या सासूबाईंबरोबर दोघींचा 150 युरोंचा मिनिमम स्पेंड आम्ही ग्रीक सॅलड, त्झात्झिकी (दही-काकडीची चटणी), बटाटे आणि तीन-तीन ताज्या रसांवर फेडायचा प्रयत्न केला. शेवटी टरबुजाची ताटली मागवून हिशेब कसाबसा पुरा केला. अशा वेळी साधा तावेर्ना, म्हणजे तिथली घरगुती खानावळ, बरा. तिथे फावा मिळतो, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वरून ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या मिळतात, त्यांना गेमिस्ता म्हणतात, पण आत खिमा नाही ना हे विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: अख्ख्या माशाचा भाव बहुतेकदा किलोवर असतो. तो तुमच्यासमोर तोलून, आकडा ऐकूनच आत भट्टीवर पाठवा.

वेळ आणि माणसं यांचा मेळ न घालणं

एकाच क्लबात दिवसातून दोन वेगळे क्लब भरतात. अकरा वाजता तिथे पुस्तक वाचणारी जोडपी आणि वाळूत खणणारी मुलं असतात. चार-साडेचारनंतर आवाज चढतो, टेबलांवर नाचणं सुरू होतं, पॅरडाइजसारख्या ठिकाणी तर लोक येतातच त्यासाठी. आई-बाबांना घेऊन सहा वाजता पोहोचणारी कुटुंबं आणि मित्रांची टोळी घेऊन सकाळी दहाला पोहोचणारे तरुण, दोघंही क्लबला नावं ठेवत परततात. काही क्लब मुलांना घेतच नाहीत, तेही आधी विचारा. मुलं असतील तर ओर्नोस किंवा प्लातिस यालोस, दुपारी तीनपर्यंत. उघड्या अंगाने ऊन खाणं तिथे सगळीकडे सर्रास चालतं आणि एलियाच्या एका टोकाला तर कपड्यांचं बंधनच नाही. बरोबरच्या ज्येष्ठांना हे विमानातच सांगून ठेवलं की पुढचा अवघडलेपणा वाचतो.

सूर्यास्ताचं बुकिंग हा एक वेगळाच विनोद. आपल्याला सूर्य साडेसहा-सातला बुडायची सवय, म्हणून लोक पाच ते सातची जागा घेतात. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य पावणेनऊच्या आसपास मावळतो, ऑगस्टच्या मध्यावर सव्वाआठच्या सुमारास. दक्षिणेच्या पुष्कळ खाड्यांत तो त्याआधीच टेकडीआड जातो. समोर मावळताना बघायचा असेल तर पश्चिमेकडे, समोर डेलोस बेट दिसतं त्या आगिओस इओआनिसच्या बाजूला जा.

हंगामाचंही तसंच. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत, विशेषतः पहिल्या पंधरवड्यात, तिथले कितीतरी क्लब अजून रंगरंगोटीत असतात आणि पाणी चांगलंच गार असतं. दिवाळीच्या सुट्टीत तर कुलपं लागलेली असतात. 15 ऑगस्टला जोडून रजा टाकून जाणाऱ्यांनी जाणून असावं की त्याच दिवशी ग्रीसमध्ये मेरी मातेचा मोठा सण असतो आणि अख्खा देश बेटांवर उतरलेला असतो. जमत असेल तर जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर. सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि भाव उतरू लागलेले.

परत कसं यायचं हे संध्याकाळवर सोडणं

बेटावर टॅक्सी मोजक्या आहेत आणि आठ वाजता त्या सगळ्यांनाच हव्या असतात. खोरा म्हणजे मुख्य गाव. तिथल्या फाब्रिका थांब्यावरून प्लातिस यालोस, पॅरडाइज, ओर्नोसकडे बस जाते; एलिया आणि कालाफातिसची बस जुन्या बंदराजवळून सुटते. प्लातिस यालोसहून दक्षिणेच्या किनाऱ्यांवर छोट्या बोटी फिरतात, त्या मला बसपेक्षा आवडतात. चार चाकांची क्वाड बाइक भाड्याने घेणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी: आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच निघा, आणि क्लबात पिणार असाल तर चावीला हात लावू नका. तिथे दारूची मर्यादा कडक आहे, रस्ते अरुंद आहेत आणि वळणावर वारा आडवा लागतो.

किनारा क्लबच्या मालकीचा समजणं

ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक आहे. 2023 च्या उन्हाळ्यात शेजारच्याच पारोस बेटावर लोक टॉवेल घेऊन किनाऱ्यावर निदर्शनं करायला उतरले, कारण सनबेडनी वाळू गिळून टाकली होती. 2024 मध्ये सरकारने नियम घट्ट केले: किनाऱ्याचा निदान निम्मा भाग मोकळा, संरक्षित ठिकाणी 70 टक्के, आणि पाण्यापासून चार मीटरपर्यंत पलंग नको. तक्रारीसाठी मायकोस्ट नावाचं ॲपही आलं. म्हणजे क्लबात पैसे न भरता तुम्ही शेजारी आपला टॉवेल अंथरू शकता आणि कुणी उठवायला आलं तर न उठण्याचा तुम्हाला हक्क आहे. आमच्यासारखे भिडस्त लोक तो वापरत नाहीत, ही गोष्ट वेगळी. आगिओस सोस्तिसला तर पलंगच नाहीत. वर एक जुना तावेर्ना आहे, वीज नाही, बुकिंग नाही, कोळशावर भाजतात आणि लोक रांगेत उभे राहतात.

तिथे गेल्यावर बिनसलं तर

वारा चढलेला दिसला तर क्लबाला सकाळी नऊ-दहालाच फोन करा आणि पैसे मागण्याऐवजी तारीख बदलून मागा. तारीख बदलून द्यायला त्यांचं काही जात नाही. नाहीच म्हणाले तरी दिवस वाया गेला असं नाही. बेट सुमारे 85 चौरस किलोमीटरचं, दुसऱ्या बाजूला पोहोचायला फार वेळ लागत नाही.

जागा सांगितलेल्या रांगेत नसेल तर बसण्याआधी बोला आणि मोबाईलवरचा तो मेसेज दाखवा. एकदा टॉवेल अंथरला आणि पाणी आलं की तुम्ही ती जागा मान्य केली असं धरतात. न मागवलेला ब्रेड, ऑलिव्ह टेबलावर आले तर ते फुकट आहेत का हे हात लावण्याआधी विचारा.

बिल आलं की ओळ न् ओळ वाचा, त्यात संकोच कसला. मेन्यूवर बारीक अक्षरांत एक वाक्य छापलेलं असतं: कायदेशीर पावती मिळाली नाही तर पैसे देण्याचं बंधन ग्राहकावर नाही. ते शोभेसाठी नाही. कार्डाचं मशीन रुपयांत घेऊ का युरोत असं विचारेल, तेव्हा युरो निवडा; रुपयांचा दर त्यांचा असतो आणि तो तुमच्या बँकेपेक्षा वाईटच निघतो. टीप सक्तीची नाही.

आणि बोटीने गेला असाल तर शेवटची फेरी किती वाजता आहे हे सकाळी उतरतानाच नावाड्याला विचारा. फलकावरची वेळ वारा नसलेल्या दिवसाची असते.