बीएस-एमडीचा अर्ज आणि मुलाखत: या चुका टाळा

अमेरिकेत डॉक्टर होण्याचा नेहमीचा रस्ता लांबचा आहे: आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांचे मेडिकल स्कूल. काही विद्यापीठे मात्र शाळेच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला पदवी आणि एमडी (ही इथली एमबीबीएससारखी डॉक्टरकीची मूळ पदवी) या दोन्हींसाठी एकदमच प्रवेश देतात. अशा बीएस-एमडी किंवा बीए-एमडी जागांचे इथल्या मराठी घरांत मोठे आकर्षण आहे, कारण ज्या आईवडिलांचे वर्गमित्र बारावीनंतर थेट एमबीबीएसला गेले, त्यांना हा मार्ग ओळखीचा वाटतो. बहुतेक चुका याच ओळखीच्या भावनेतून होतात. भारतात परीक्षेतील गुणांनी जागा ठरते. इथे उत्तम गुण हे केवळ अर्ज वाचला जाण्याचे कारण असते आणि त्यापुढे समितीला हे जाणून घ्यायचे असते की सतराव्या वर्षी आयुष्याचा निर्णय करून टाकण्याइतके या मुलाने काय पाहिले आहे.

यादी करतानाच्या चुका

सगळे अभ्यासक्रम सारखेच मानून एकच निबंध सगळीकडे पाठवणे ही पहिली चूक. ब्राउन विद्यापीठाचा पीएलएमई हा असा जोडअभ्यासक्रम आठ वर्षांचा आहे. तिथे घाईला स्थान नाही, एमकॅट लागत नाही आणि डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने इतिहास किंवा संगीत शिकावे हे त्यांना मनापासून हवे असते. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेतील अभ्यासक्रम सहाच वर्षांचा असून विद्यार्थ्याचा रुग्णांशी संबंध सुरुवातीपासूनच येतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा सात वर्षांचा अभ्यासक्रम डॉक्टरांची वानवा असलेल्या वस्त्यांसाठी प्राथमिक सेवा देणारे डॉक्टर घडवतो. ऑल्बनी मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या दोन संस्थांचेच पाहा: रेन्सलिअरला संशोधक डॉक्टर हवे आहेत, तर सिएनाचा भर मानव्यविद्या, नीतिशास्त्र आणि सेवेवर आहे. प्रयोगशाळेतील कामाचे जे वर्णन रेन्सलिअरला शोभते, तेच सिएनाला पाठवणाऱ्याने त्या संस्थेची माहिती वाचलेली नाही हे पहिल्याच परिच्छेदात कळते.

पात्रतेचा नियम शेवटी वाचणे ही त्याहून महाग पडणारी चूक आहे. अनेक अभ्यासक्रम केवळ अमेरिकी नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डधारकांसाठी असतात, तर काहींत त्या राज्याच्या रहिवाशांनाच प्रवेश किंवा प्राधान्य असते. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्या पालकांच्या आधाराने, वाढलेल्या मुलाने इथेच पहिलीपासून शिक्षण घेतले असले, तरी अर्जाच्या दृष्टीने तो बाहेरचाच ठरू शकतो, शिवाय एकविसाव्या वर्षी तो दर्जाही संपतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न थेट प्रवेश कार्यालयाला लेखी विचारावा. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर विसंबू नये. अशा गटांत फिरणाऱ्या याद्या जुन्या असतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा एकेकाळी प्रसिद्ध असलेला एचपीएमई हा असाच अभ्यासक्रम बंद होऊनही त्याचे नाव अजून त्यांत दिसते.

‘अर्ली डिसिजन’चा, म्हणजे पहिल्या पसंतीच्या एकाच कॉलेजला मुदतीआधी करायचा, अर्ज विचार न करता भरू नये. तो बंधनकारक असतो. डिसेंबरमध्ये होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात आणि हिवाळ्यात होणाऱ्या इतर बीएस-एमडी मुलाखतींचा प्रश्नच उरत नाही.

काकांच्या इस्पितळातला उन्हाळा

याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. अनेक मुले सुट्टीत पुण्याला किंवा सांगलीला जातात, डॉक्टर काकांच्या इस्पितळात महिनाभर बसतात आणि परत येऊन अभिमानाने लिहितात की आपण शस्त्रक्रियेत मदत केली, टाका घातला, इंजेक्शन दिले. काकांनी हे कौतुकाने करू दिलेले असते. वाचणाऱ्या समितीला मात्र त्यात प्रशिक्षण नसताना रुग्णाला हात लावणारा विद्यार्थी दिसतो, आणि त्या रुग्णाची संमती कोणी घेतली हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. अमेरिकी मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने परदेशातील अशा अनुभवांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढलेली आहेत, म्हणजे ही गोष्ट त्यांना नवी नाही. असे काही घडून गेलेच असेल, तर ते लपवूही नये आणि मिरवूही नये. आज आपल्याला त्यात काय खटकते ते सरळ सांगावे. खरे तर बाह्यरुग्ण विभागाबाहेरच्या बाकावर तीन तास ताटकळलेल्या आजीबाईंशी झालेले बोलणे निबंधाला अधिक उपयोगी पडते. इथे परतल्यावर आपल्या शहरातील वृद्धाश्रमात वर्षभर दर शनिवारी जाणे हे त्या महिन्याहून वजनदार ठरते, कारण त्यात सातत्य दिसते.

आजोबांच्या हृदयविकाराच्या झटक्यावरील निबंधाचेही असेच होते. तो इतक्या जणांनी लिहिलेला असतो की साडेसहाशे शब्दांपैकी पाचशे आजोबांवर खर्च झाले, तर लिहिणारा त्यात सापडतच नाही.

मुलाखतीत अडल्यावर

ब्राउनच्या पीएलएमईसारखे काही अभ्यासक्रम मुलाखत घेत नाहीत, पण बहुतेक घेतात. तिथे ‘आधी पदवी घेऊन मग इतरांसारखा अर्ज का करत नाहीस?’ हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येतोच. ‘एमकॅट टळते’ किंवा ‘एक वर्ष वाचते’ हे उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे आहे. परीक्षेच्या धास्तीतून सुटलेला वेळ आपण नेमका कशाला देणार, आणि तो याच संस्थेत का, हे सांगता आले पाहिजे.

पाठ केलेली उत्तरे मुलाखत घेणाऱ्याला दुसऱ्याच वाक्यात ओळखू येतात. आमच्या घरांतील अडचण थोडी वेगळी आहे: वडीलधाऱ्यांपुढे कमी बोलावे हे वळण लागलेली मुले एका वाक्यात उत्तर संपवतात आणि समोरच्याला त्यांचा विचार कळत नाही. यावर उपाय म्हणजे घराबाहेरच्या, अनोळखी मोठ्या माणसाबरोबर सराव करणे. आईवडिलांसमोरचा सराव फारसा कामाचा नाही.

काही ठिकाणी एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) पद्धत असते, जी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात विकसित झाली. तीत काही मिनिटांच्या अनेक फेऱ्या असतात आणि प्रत्येकीत नवा प्रसंग आणि नवा परीक्षक. रक्त चढवून घेण्यास नकार देणारा रुग्ण समोर असला, तर लगेच निकाल देणे चूक आणि दोन्ही बाजू मांडून निर्णयच न देणे हीसुद्धा चूक. आणखी काय माहीत हवे ते विचारावे, मग एक भूमिका घ्यावी आणि ती का बदलू शकते तेही सांगावे. एक फेरी बिघडली तर ती तिथेच सोडावी, कारण पुढच्या परीक्षकाला तिची माहिती नसते.

होकार आल्यावर पत्रातील अटी वाचल्याशिवाय सही करू नये. किमान जीपीए (गुणांची सरासरी) किती राखायचा, एमकॅट द्यावी लागेल का आणि किती गुणांची, इतर मेडिकल स्कूलना अर्ज केल्यास ही जागा जाते का, आणि मध्येच डॉक्टर व्हायचे नाही असे वाटले तर याच कॉलेजात पदवी पूर्ण करायला आवडेल का, या चारही प्रश्नांची उत्तरे कॉलेज निश्चित करण्याच्या १ मेच्या मुदतीआधी विद्यार्थ्याने स्वतः लिहून काढावीत.