वाळूजच्या शेडमध्ये विमानाचा जॉब घ्यायचा असेल तर

लढाऊ विमान विकत घ्यावं की देशातच बनवावं, यावर कितीही वाद घाला. बनवायचं ठरलं तरी सगळं घरचं नसतं. तेजसला अमेरिकन एफ४०४ इंजिन आहे. आपलं देशी कावेरी इंजिन २००८ मध्ये त्या प्रकल्पातून बाजूला काढलं. इंजिनाचं सोडा. ब्रॅकेट, रिब, हाउसिंग असे जॉब, म्हणजे सुटे भाग, मात्र छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) निघू शकतात.

आधी कागद. एएस९१०० प्रमाणपत्र (विमान उद्योगाचं गुणवत्ता मानक) नसेल तर बहुतेक ठिकाणी बोलणंच पुढे सरकत नाही. प्लेट कापली की मिल सर्टिफिकेटवरचा (धातू बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला) हीट नंबर, म्हणजे धातू ज्या वितळणीतून आला तिचा क्रमांक, प्रत्येक तुकड्यावर उतरवा. नंबर नसलेला तुकडा भंगारात, मग तो कितीही महाग असो.

टायटॅनियमचा मोह सध्या नको. ७०७५ अ‍ॅल्युमिनियमपासून सुरू करा, प्लेट टी७३५१ प्रतीची घ्या. आतला ताण काढलेली असते, तरी थोडा उरतोच. एका बाजूचं मटेरियल निघालं की तो मोकळा होतो आणि पातळ भिंतीचा जॉब पापडासारखा वाकतो. म्हणून दोन्ही बाजूंनी रफिंग (सुरुवातीची जाड कापणी) करून १ ते २ मिमी मटेरियल शिल्लक ठेवा, क्लॅम्प पूर्ण सोडा, बसायची बाजू पुन्हा हलकी फेस करा, म्हणजे सपाट कापा, मगच फिनिशिंग. वाकलेला जॉब क्लॅम्पने दाबून सपाट केला तर फिक्स्चरमध्ये (जॉब धरून ठेवणारी चौकट) माप बरोबर येतं आणि सीएमएमवर (मापं तपासणारं यंत्र) रिजेक्ट होतो.

पुढे टायटॅनियम घेतलंच, तर उष्णता इन्सर्टच्या (हत्याराचं कापणारं पातं) टोकावर साचते हे धरून चाला: रफिंगला वेग मिनिटाला ५० मीटरच्या आसपास, कूलंट भरपूर. कॅडमियम प्लेटिंगचे बोल्ट-पान्हे त्याला लावू नका, तडे जाऊ शकतात.

उच्च ताकदीच्या स्टीलला कॅडमियम प्लेटिंग झालं की ४ तासांच्या आत जॉब १९० अंश सेल्सिअसच्या भट्टीत गेला पाहिजे, साधारण २३ तासांसाठी. नाहीतर आत शिरलेला हायड्रोजन पुढे भाराखाली जॉब तोडतो. प्लेटिंगवाला एकीकडे आणि भट्टी दुसरीकडे असेल, तर हे ४ तास टेम्पोतच जातात. ग्राहकाने मंजूर केलेला आणि स्वतःची भट्टी असलेलाच प्लेटर गाठा.

पहिल्या जॉबचा एएस९१०२ अहवाल (पहिल्या नगाच्या तपासणीचा) करताना ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक देऊन मोजलेला आकडा लिहा. नुसतं ‘ओके’ चालत नाही. उत्पादन दोन वर्षं बंद राहिलं, किंवा मशीन वाळूजहून शेंद्र्याला हलवलं, तर हा अहवाल पुन्हा करावा लागतो.