प्लायवूडची होडी रंगवताना: आधी लाकूड कोरडं, मग डबा उघडा

होडीवरचा रंग बहुतेक वेळा आतून सुटतो. प्लायवूडमध्ये अडकलेला ओलावा उन्हाने तापला की बाहेर यायला वाट शोधतो आणि रंगाला फोड येतात. म्हणून निम्म्याहून जास्त मेहनत ब्रश हातात घेण्यापूर्वीची आहे. इथे बारा-पंधरा फुटी, चपट्या तळाची, आयएस ७१० (भारतीय मानक) मरीन प्लायची, इपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) आणि काचेच्या कापडाच्या पट्ट्यांनी सांधलेली होडी धरली आहे. जुन्या पद्धतीच्या अखंड फळ्यांच्या होडीला हे जसंच्या तसं लावू नये. फळ्या ऋतूप्रमाणे फुगतात, आक्रसतात आणि वरचा ताठ इपॉक्सीचा थर सांध्यांवर तडकतो.

कोकणात या कामाला नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, हात मोकळे असतात, त्यामुळे तेव्हाच रंग उरकावासा वाटतो. पण हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना दोन घटकांचे (दोन डब्यांतला माल कालवून करायचे) रंग नीट पकडत नाहीत. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं पाणी रंगाखाली बसतं. लाकडातला ओलावा मीटरवर १५ टक्क्यांच्या आत आला पाहिजे, १२ असेल तर उत्तम. मीटर नसेल तर फूटभर चौकोनी प्लास्टिक उघड्या प्लायवर चारही कडांनी टेपने चिकटवून एक दिवस-रात्र ठेवा. आतून दव धरलं, तर अजून थांबा.

कापलेल्या कडा सगळ्यात आधी बंद करायच्या, कारण प्लाय तिथून पाणी ओढतो. इपॉक्सीचा पहिला हात कडांवर लावा आणि वीस-तीस मिनिटांनी पुन्हा बघा. मॅट दिसतात त्या जागा माल पिऊन टाकतायत. ओलसर चकाकी टिकेपर्यंत देत राहा. इपॉक्सी जास्त आत जावं म्हणून त्यात थिनर घालू नका. थिनर आत अडकतो आणि थर सच्छिद्र होतो. स्क्रूची भोकं आणि वल्ह्याच्या खिट्ट्यांची भोकंही आतून अशीच बंद करा. होडीची आतली बाजू सोडू नका, कारण प्लाय कुजवायला खाडीच्या खाऱ्या पाण्यापेक्षा आत साचलेलं पावसाचं गोडं पाणी जास्त कारणीभूत असतं.

संपूर्ण तळाला इपॉक्सीचे तीन पातळ हात द्यायचे, तेही दुपार उतरताना, छपराखाली. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढते. वाळल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. तापमान उतरत असताना लाकूड उलट माल आत ओढून घेतं. पूर्ण पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर कधीकधी मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने आधी धुवायचा, मगच पॉलिश पेपर लावायचा. उलट केलंत तर तो मेणचटपणा ओरखड्यांत भरतो आणि प्रायमर तिथेच सुटतो.

खड्डे भरायला भिंतीची पुट्टी चालत नाही, ती पाण्यात मऊ पडते. इपॉक्सीत काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे घट्ट होईपर्यंत कालवा आणि रुंद पत्तीने ओढा. घासायला दीड फुटी सरळ फळीला ८० नंबरचा पेपर लावा, कारण नुसत्या हाताने घासलं की खड्डा आणखी खोल होतो. संध्याकाळी टॉर्च तळाला समांतर धरला की उंच-सखल लगेच कळतं. मग १२० नंबर, आणि वरच्या रंगाआधी २२०.

आता मापं. तळ ४० चौरस फूट आणि दोन्ही बाजू मिळून ४५ धरल्या, तर सुमारे ८ चौरस मीटर होतात. निम्मा घनभाग (वाळल्यावर उरणारा भाग) असलेला प्रायमर ५० मायक्रॉन वाळला, तर लिटरमागे हिशोबाने १० चौरस मीटर जातो, प्रत्यक्षात ७-८. म्हणजे दोन हातांना २ लिटर लागतात. बाजूंच्या वरच्या रंगाचे, म्हणजे दोन घटकांच्या पॉलियुरेथेनचे, दोन हात साधारण एका लिटरमध्ये होतात.

पॉलियुरेथेन कालवताना डब्यावरचं प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं, हे आधी वाचा. एका वेळी २५०-३०० मिलिलिटरच करा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात मिश्रण तापतं आणि लवकर घट्ट होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हातातला वेळ जवळपास निम्मा होतो. एकाने बारीक लवेच्या रोलरने पातळ लावत जावं आणि दुसऱ्याने मागोमाग जवळजवळ कोरड्या ब्रशने हलके एकाच दिशेने फिरवावं. जाड हात दिला की उभ्या बाजूवर ओघळतो. हा हात सकाळी दहानंतर सुरू करून दुपारी तीनच्या आत संपवा, म्हणजे रात्रीचं दव पडण्याआधी तो बसतो. पॉलियुरेथेनच्या कठिणकात (हार्डनरमध्ये) आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. घरी फवारा मारू नका. ब्रशने लावतानाही सेंद्रिय वाफांचा मास्क आणि हातमोजे वापरा.

स्वस्तात सिंथेटिक इनॅमल बाजूंवर चालेल, पण कायम पाण्यात राहणाऱ्या तळावर ते मऊ होऊन सुटतं. जुन्या इनॅमलवर दोन घटकांचा रंग दिला तर खालचा थर सुरकुततो. बाजूंना फिकट रंग घ्यावा, हे आमचं आग्रहाचं सांगणं. काळा किंवा गडद निळा आपल्या उन्हात इतका तापतो की खालचं इपॉक्सी नरमतं आणि सांध्यांच्या रेषा वर उमटतात.

होडी रोज पाण्याबाहेर निघत असेल, तर शेवाळ आणि बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचधारी जीव) रोखणारा अँटिफाउलिंग रंग लागतच नाही. खाडीत बांधून ठेवणार असाल तर मात्र हवा. तो कुठवर लावायचा ती पाणरेषा ठरवायला वरच्या रंगापूर्वी होडी नेहमीच्या वजनासह दहा मिनिटं पाण्यात सोडा आणि नाळेवर (पुढच्या टोकावर) व मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर पेन्सिलच्या खुणा करा. किनाऱ्यावर त्या तिन्ही खुणा गवंड्याच्या लेव्हल पाइपने एका पातळीत येतील अशी होडी टेकवा, त्याच पाइपने खुणा भोवती फिरवा आणि टेप दोन इंच वर लावा. कारण लाटा आणि एका बाजूला बसलेली माणसं रेषा वर नेतात.

अँटिफाउलिंग रंगात सहसा क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचं जड संयुग असतं, म्हणून तो तळाशी बसतो. डबा नीट ढवळून घ्या. तळाला दोन हात, आणि नाळ, कण्याची पट्टी, सुकाणू आणि पाणरेषेच्या पट्ट्याला तिसरा हात द्या. अॅल्युमिनियमच्या भागांना तांब्याचा रंग लावू नका, धातू खाल्ला जातो. जुना थर काढताना तो ओलाच घासा आणि निघालेली राड खाडीत न सोडता गोळा करा. टेकू असलेल्या जागा राहून जातात, म्हणून शेवटी टेकू हलवून त्या भरून घ्या. पाण्यात सोडण्याआधी किती वेळ थांबायचं, ते डब्यावर असतं. काही प्रकार फार दिवस कोरडे राहिले की निकामी होतात.