चढावर वाढतं, सपाटीवर उतरतं : टर्बो गाडीच्या कूलंट तापमानाचा माग कसा काढावा

कसारा घाट अर्धा चढून झाला की माझ्या टर्बो डिझेल गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ८८ अंशांवरून १०४ वर जायचं. इगतपुरीला रस्ता सपाट झाला की पाच मिनिटांत पुन्हा ९०. पुढे नाशिकपर्यंत काहीच तक्रार नाही. वर्षभरात दोन गॅरेजांत थर्मोस्टॅट (कूलंटचा रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी-मिटणारी झडप) बदलून झाला, सेन्सर बदलून झाला, कूलंटही नवं भरलं. घाटात आकडा होता तिथेच जात राहिला. दोष शेवटी सापडला तो एका छोट्या वहीत मी लिहून ठेवलेल्या आकड्यांमुळे. तापमान नेमकं कधी हलतं हे आधी लिहून काढलं, तर निम्मे सुटे भाग न उघडताच संशयातून बाहेर पडतात. म्हणून हा लेख वहीपासून सुरू होतो.

त्याआधी एक गोष्ट जिवाची. गरम इंजिनावरचं रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण कधीही उघडू नका. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं कूलंटचं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाने दाब धरलेला असतो म्हणून बंद व्यवस्थेत ते १२० अंशांनाही द्रवच राहतं. झाकण सैल केलं की दाब क्षणात जातो आणि उकळतं कूलंट तोंडावर, हातावर येतं. सगळी तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर करा.

पायरी १ : काट्यावर विसंबू नका, आकडा मिळवा

बहुतेक गाड्यांतला तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान तो मधोमधच उभा राहतो, म्हणजे चालकाला उगाच धास्ती नको. पण त्यामुळे काटा हलेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा.

स्टिअरिंगखाली, पेडलच्या वरच्या बाजूला १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची जागा) असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा डोंगल ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये कूलंटचं खरं तापमान दिसतं. जमलं तर त्याच पडद्यावर बूस्टचा दाब (टर्बो ज्या दाबाने इंजिनात हवा भरतो तो), इंजिनचा वेग आणि आत येणाऱ्या हवेचं तापमानही लावा. टर्बो गाडीत हे चारही आकडे एकत्र बघितले की चित्र उलगडतं. गाडी चालवताना मात्र आकडे शेजारी बसलेल्या माणसाला वाचायला सांगा.

पायरी २ : वही

आठवडाभर लिहा: वेळ, रस्ता, चढ की सपाट, वेग, एसी चालू की बंद, गाडीत माणसं किती, आणि तापमान. दहा-पंधरा नोंदींत नमुना दिसू लागतो. मी नोंदी कशा वाचतो ते सांगतो.

इंजिन गरम झाल्यावर ८५ ते १०० च्या दरम्यान सावकाश होणारी हालचाल बहुतेक गाड्यांत नैसर्गिक आहे. थर्मोस्टॅट उघडतो-मिटतो, पंखा सुरू-बंद होतो, त्याबरोबर आकडाही हलतो. काही टर्बो पेट्रोल इंजिनांत थर्मोस्टॅट संगणकाच्या हुकमाने चालतो. हळू चालवताना इंधन वाचावं म्हणून तो कूलंट मुद्दाम १०० च्या पुढे ठेवतो आणि जोर द्यायची वेळ आली की खाली आणतो. अशा गाडीत सिग्नलला १०४ आणि चढाला ९० दिसलं तर तो दोष नव्हे. तुमच्या इंजिनची पद्धत कोणती, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्या.

आकडा एका सेकंदात ८८ वरून ११५ वर उडी मारून परत येत असेल, तर कूलंट तसं तापलेलंच नाही. पाच-सात लिटर द्रव सेकंदात २५ अंश तापू शकत नाही. दोष सेन्सरचा, त्याच्या कनेक्टरचा किंवा वायरचा. पी०११७, पी०११८, पी०११९ यांपैकी एखादा दोषाचा कोड ॲपमध्ये सापडला तर तोही हेच सांगतो. कनेक्टर काढा, पिनांवर हिरवट गंज आहे का बघा, पुसून परत बसवा.

ट्रॅफिकमध्ये वाढतं आणि ५०-६० च्या वेगाने पळताना उतरतं, तर पंख्याकडे चला. हायवेला थंडीत ७० पर्यंत घसरतं आणि गावात पुन्हा ठीक होतं, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. कोड असल्यास बहुधा पी०१२८. आणि फक्त चढाला, बूस्ट असतानाच वाढत असेल, तर टर्बो गाडीचे खास संशयित समोर येतात. त्यांच्याकडे आपण शेवटी, पण सविस्तर येऊ.

पायरी ३ : पातळी, झाकण आणि न दिसणारी गळती

सकाळी टाकीतली पातळी कमाल आणि किमान या रेघांच्या मधे हवी. पातळी महिन्याला थोडी थोडी उतरत असेल तर कूलंट कुठेतरी जातंय, एवढं नक्की. जमिनीवर थेंब नाही म्हणून गळती नाही, असं मात्र टर्बो गाडीत म्हणता येत नाही. टर्बोच्या बेअरिंगभोवती बहुतेक पेट्रोल आणि काही डिझेल गाड्यांत कूलंट फिरतं. त्या नळ्या एक्झॉस्टच्या शेजारून जातात, उष्णतेने रबर कडक होतं, जोडाशी बारीक चीर जाते. गळलेला थेंब तापलेल्या लोखंडावर पडून वाफ होतो, खाली पोचतच नाही. मागे उरतो तो नळीच्या जोडाशी पांढरट किंवा गुलाबीसर सुका थर आणि गाडी थांबवल्यावर येणारा गोडसर वास. टॉर्च घेऊन टर्बोच्या आसपास हे शोधा.

झाकणाचं रबर बघा. चिरलेलं, चपटं झालेलं असेल तर झाकण बदला. मूळ झाकणावर जेवढा दाब छापलाय तेवढ्याच दाबाचं घ्या. कमकुवत झाकण दाब धरत नाही, मग मिश्रण लवकर उकळतं आणि वाफेचे बुडबुडे आकडा हलवतात.

बोअरचं पाणी टाकीत ओतू नका. आपल्याकडच्या बऱ्याच भागांत ते जड असतं, आणि त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तसाच बसतो जसा गिझरच्या कॉइलवर बसतो. कूलंट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचंच घ्या आणि मिसळायला बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरा. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा असं नसतं, म्हणून हिरव्यात हिरवं ओतून मोकळं होऊ नका. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात.

पायरी ४ : पंखा

इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. मग एसी बंद करून उभ्या गाडीत आकडा वाढू द्या. पंखा साधारण ९५ ते १०० च्या आसपास हळू आणि त्यापुढे जोरात सुरू होतो; नेमके आकडे गाडीगणिक वेगळे. हळू फिरतो पण जोरात फिरत नाही, किंवा उलट, असं असेल तर फ्यूज, रिले आणि पंख्याचा रेझिस्टर तपासा. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून हात लावण्याआधी बॅटरीची ऋण तार काढा.

काही ठिकाणी पंखा ‘डायरेक्ट’ करून देतात, म्हणजे चावी फिरवली की पंखा कायम चालू. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही असाच सर्रास मिळतो. दोन्ही करू नका. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन नेहमीच्या तापमानाला पोचायला फार वेळ घेतं, जास्त इंधन पितं, झिजतं, आणि खरा दोष झाकला जातो.

पायरी ५ : थर्मोस्टॅट आणि अडकलेली हवा

थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला अधूनमधून हात लावा. (थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या तोंडाशी असलेल्या गाड्यांत खालचा पाइप बघावा लागतो.) बराच वेळ तो कोमट आणि मग ८२ ते ९० च्या दरम्यान कधीतरी अचानक गरम झाला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू तापत गेला तर झडप उघडी अडकलीय. आकडा १०० च्या पुढे गेला तरी पाइप गारच, तर मिटलेली अडकलीय. काढलेला थर्मोस्टॅट जुन्या पातेल्यात दोरीने टांगून पाणी तापवा. त्याच्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, त्याच्या आसपास तो उघडायला हवा. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

कूलंट नुकतंच बदललंय आणि त्यानंतर आकडा नाचू लागला, तर हवा अडकलीय असं आधी धरा. ओळख सोपी: इंजिन गरम, पण हीटरमधून गार हवा. गाडीचं नाक चढावर करा, थंड असताना टाकी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) ठेवा आणि तिथून बुडबुडे थांबून सलग कूलंट आलं की आवळा. हे कूलंट तापायच्या आत करा.

पायरी ६ : फक्त चढावर तापत असेल तर

टर्बो गाडीच्या नाकात दोन-तीन जाळ्या एकामागे एक असतात: पुढे एसीचा कंडेन्सर, बऱ्याच गाड्यांत इंटरकूलरही, आणि सर्वांत मागे रेडिएटर. टर्बोने दाबलेली हवा चढावर सहज १०० अंशांच्या पुढे तापते. ती उष्णता इंटरकूलर बाहेर फेकतो आणि तीच हवा रेडिएटरवर येते. म्हणजे रेडिएटरचं काम सर्वांत जास्त असतं तेव्हाच त्याला सर्वांत गरम हवा मिळते.

माझ्या गाडीत दोष इथेच होता. समोरून बघितलं तर कंडेन्सर लखलखीत, दर आठवड्याला पाण्याने धुतलेला. पण त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत कोकणातली लाल माती, गवताचे तुसे आणि कीटक यांची गोधडी बसली होती. दोन पावसाळ्यांचा साठा. समोरून पाणी मारल्याने ती आणखी घट्ट दबली होती. रेडिएटरचे वरचे बोल्ट काढून तो थोडा मागे कलवला आणि इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला हलक्या धारेने पाणी सोडलं. प्रेशर वॉशर वापरू नका, पातळ पत्र्याच्या पापण्या वाकतात. सपाटीला अर्धा रेडिएटरही पुरतो, म्हणून वर्षभर कुणाला कळलं नाही.

दुसरा संशयित कूलंट फिरवणारा वॉटर पंप. आतल्या पंख्याची पाती झिजली किंवा प्लास्टिकचा पंखा दांड्यावर घसरू लागला, तर आयडलला सगळं ठीक आणि जोर लागला की प्रवाह कमी पडतो. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून गळलेले डाग ही त्याची जुनी खूण. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टबरोबरच बदला, मजुरी एकदाच लागते.

तिसरा संशयित सर्वांत महागडा आणि सर्वांत जास्त नजरेतून सुटणारा: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्या मधली सील. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो आणि कमकुवत गॅस्केटमधून जळका वायू फक्त बूस्ट असतानाच कूलंटमध्ये घुसतो. गॅरेजमध्ये आयडलवर गाडी निर्दोष दिसते, घाटात आकडा झपकन वर जातो. खुणा अशा: थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, टाकीत सतत बुडबुडे, रात्रभर उभ्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना ‘फुस्स’ होणं. गॅरेजवाल्याकडे निळ्या द्रवाची चाचणी मागा. टाकीतली हवा त्या द्रवातून ओढतात आणि जळका वायू असेल तर द्रव पिवळा किंवा हिरवट होतो. चाचणी नुसत्या आयडलवर करू देऊ नका. आधी गाडी चढावर ताणून आणा.

डिझेल गाडीत गळती कुठेच दिसत नाही, पातळी मात्र उतरते आणि मागून पांढरा धूर येतो, तर हेड उघडण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा जळका वायू कूलंटने थंड करणारा भाग) तपासून घ्या. त्याला आतून चीर गेली तरी हीच लक्षणं दिसतात, आणि तो बदलणं हेड उघडण्यापेक्षा बरंच सोपं असतं.

घाटातच आकडा ११० च्या पुढे गेला तर

एसी बंद, खिडक्या खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. ॲक्सिलरेटर कमी करून एक गिअर खाली घ्या, म्हणजे बूस्ट उतरतो आणि पंप जास्त वेगाने फिरतो. तरीही आकडा चढत राहिला तर सुरक्षित जागी थांबा. वाफ नसेल आणि कूलंट शिल्लक असेल तर दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा, टर्बोलाही त्याची गरज असते. वाफ दिसली, लाल दिवा लागला किंवा बेल्ट तुटल्याचा आवाज आला, तर क्षणाचाही विचार न करता इंजिन बंद. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

दुरुस्ती झाल्यावर त्याच रस्त्याला, तेवढीच माणसं बसवून आणि एसी तसाच लावून परत जा आणि वहीतल्या जुन्या नोंदीशेजारी नवी लिहा. रेडिएटर मागून धुतल्यानंतरच्या रविवारी मी कसारा घाट पुन्हा चढलो. ज्या वळणावर १०४ लिहिलं होतं, तिथे ९४ दिसलं.