शहर निवडताना आधी पत्रपेटी बघा

जर्मनीचं पत्र हातात पडलं, नोकरीचं असो की विद्यापीठाचं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्युनिक बरं की बर्लिन?" मी गोव्यात परत आल्यापासून फोंड्यात, डिचोलीत, म्हापशात, कुणाच्याही घरी गेले तरी कुणाचा मुलगा, कुणाची भाची हे विचारतेच. मी शहराचं नाव सांगत नाही. "पहिल्या महिन्यात तुझ्या नावानं घर कुठे मिळेल?" असं उलट विचारते. त्यावर चेहरा पडतो. इतकं शिकून, जर्मन भाषेच्या ए-वन, बी-वन पातळ्यांच्या परीक्षा देऊन, शेवटी ही ताई भाड्याच्या खोलीवर येते!

येते, कारण मी तिथेच अडकले होते.

व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट, पदवीचे दाखले ही बाराखडी तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. विद्यार्थ्यांनी मात्र एक गोष्ट नीट बघावी. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, दाखवावे लागतात. हा आकडा म्युनिकला जाणाऱ्यालाही तोच आणि पूर्वेकडच्या स्वस्त केम्निट्झला जाणाऱ्यालाही तोच. त्यामुळे घरच्यांना वाटतं, सरकारनंच सांगितलंय म्हणजे एवढ्यात भागत असणार. केम्निट्झमध्ये भागेल. म्युनिकमध्ये त्यातला मोठा वाटा एकटी खोलीच खाऊन टाकते. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग या शहरांत, युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला २,००० ते ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. "जर्मनीत शिक्षण फुकट" असं अजूनही छातीठोकपणे सांगणाऱ्या कन्सल्टंटच्या ऑफिसातून तडक बाहेर पडा. तो ज्या जर्मनीबद्दल बोलतो ती त्याच्या जुन्या पत्रकात छापलेली आहे.

आता माझं. मी वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटीत होते. म्युनिक आणि मानहाइम अशी दोन ठिकाणांहून बोलावणी आली. म्युनिकचा पगार थोडा जास्त होता, तिथे भारताचं वाणिज्य दूतावास आहे, मुंबईला थेट विमान आहे, ओळखीची माणसं आहेत, आणि आल्प्सचे फोटो होते. मानहाइमचं नावही घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. म्युनिक ठरलं. खोलीची सोय एका ओळखीच्या ओळखीनं केली. माणूस आपल्याकडचाच, बोलायला गोड. "रजिस्ट्रेशनचं नंतर बघू, आधी ये तर खरी," म्हणाला.

हे "नंतर बघू" म्हणजेच सापळा. तो कसा बसतो ते सविस्तर सांगते, कंटाळलात तरी वाचा.

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तो पत्ता नगरपालिकेच्या कार्यालयात नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. नोंदणीला पासपोर्ट आणि भाडेकरार पुरत नाही. घर देणाऱ्यानं सही करून दिलेला एक वेगळा दाखला लागतो: अमुक माणूस अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतो. माझा हा गोड माणूस स्वतःच भाडेकरू होता आणि मूळ मालकाला न सांगता त्यानं खोली पोटभाड्यानं दिली होती. तो दाखला कुठून देणार? दिला असता तर त्याचंच बिंग फुटलं असतं.

नोंदणी नाही म्हणजे कर क्रमांक नाही. तो अकरा आकडी क्रमांक नोंदणीनंतर काही आठवड्यांनी टपालानं घरी येतो. कंपनीला तो वेळेत मिळाला नाही तर ती सहाव्या करवर्गात, म्हणजे सर्वांत जड दरानं, कर कापते. पगार कागदावर भरघोस आणि खात्यात बघावं तर वेर्ण्याची आठवण यावी इतका. खातं म्हणाल तर बऱ्याच बँका आधी नोंदणीचा कागदच मागतात. राहण्याचा परवाना देणारं परदेशी नागरिकांचं कार्यालय कोणतं, हेही नोंदवलेल्या पत्त्यावरूनच ठरतं. पत्ता नाही तर तुमची फाइल कुणाचीच नाही, आणि पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत मात्र रोज एक दिवस कमी होत असते.

त्यावर पत्रपेटी. तिथल्या इमारतींत बहुधा फ्लॅटना नंबर नसतात. घंटीवर आणि पेटीवर आडनाव असतं, पोस्टमन ते वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. आपल्याकडे केरी-सावईला नुसतं आडनाव आणि वाडा लिहिला तरी पोस्टमन पत्र आणून देतो, वर घरातल्यांची चौकशी करून जातो. तिथे मी जिन्यात उभी असताना माझं विमा कार्ड परत गेलेलं आहे. पेटीवर माझं नाव लावायला त्या माणसाची परवानगी नव्हती, मालकानं पाहिलं असतं ना.

यातून सुटायला लोक एक आडवाट सांगतील: कुणाला तरी पैसे देऊन त्याच्या पत्त्यावर नुसती नोंदणी करायची, राहायचं दुसरीकडे. अजिबात करू नका. २०१५ पासून लागू असलेल्या नोंदणी कायद्यात हे सरळ निषिद्ध आहे. असा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तुमच्या परवान्याच्या फाइलवर खोट्या पत्त्याचा डाग पडतो तो वेगळाच. मला हे सुचवणारे दोघे-तिघे भेटले, सगळे "अरे, सगळेच करतात" म्हणणारे. सगळे करतात त्यांच्या फायली तुम्ही पाहिल्यात का?

घाबरवत नाही. दोन आठवड्यांत अपॉइंटमेंटच मिळाली नाही तर सहसा कुणी दंड लावत बसत नाही. बुकिंगचा पुरावा जपून ठेवा. जास्त कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत येतो, माझाही आला. आणि शहर म्हणजे लग्न नव्हे. मी पुढे मानहाइमकडेच गेले. ब्लू कार्डवरून, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावरून, कायम वास्तव्य मिळायला २७ महिने लागतात, जर्मन बी-वनपर्यंत असेल तर २१, आणि शहर बदललं म्हणून ते महिने पुन्हा शून्यापासून मोजत नाहीत. फाइल एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला वेळ लागतो, तेवढा धीर धरायचा.

तर शहराकडे बघायचं कसं? म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिन, हॅम्बर्ग ही नावं डोक्यातून काढू नका, पण त्यांच्या शेजारची नावं शिका. म्युनिकसाठी आउग्सबुर्ग, फ्रँकफर्टसाठी ओफेनबाख किंवा डार्मस्टाट, न्युर्नबर्गसाठी फ्युर्थ, लाइप्झिगसाठी हाले. देशभरच्या लोकल, बस, ट्रॅम आणि प्रादेशिक गाड्यांना एकच मासिक तिकीट चालतं. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरो आहे. आयसीईसारख्या जलद गाड्यांत ते चालत नाही, म्हणून अंतर मोजताना जलद गाडीचा वेळ धरू नका. आउग्सबुर्ग अर्ध्या तासावर आहे असं कुणी म्हणालं तर समजा तो आयसीईचा वेळ सांगतोय. आपल्या तिकिटाच्या गाडीला पाऊण तासाच्या आसपास लागतो, वर दोन्ही टोकांचं चालणं. तरीही पणजी-मडगाव बसच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला हे जड नाही.

दुसरं, पहिली नोकरी सुटली तर त्याच गाडीनं दुसऱ्या कंपनीत जाता येईल का ते बघा. आमच्या औषध क्षेत्रात ऱ्हाईन आणि माइन नद्यांच्या पट्ट्यात हे जमतं: फ्रँकफर्टचं ह्योख्स्ट, डार्मस्टाट, इंगेलहाइम, मानहाइम, नदीपलीकडे लुडविग्सहाफेन. सेमीकंडक्टरवाल्यांना ड्रेस्डेन, काचेच्या आणि प्रकाशाच्या तंत्रात असाल तर येना, वैद्यकीय उपकरणांना एर्लांगेन. एकाच मोठ्या कारखान्यावर जगणाऱ्या लहान गावात पगार कितीही चांगला असला तरी दोनदा विचार करा.

पूर्वेकडच्या शहरांबद्दल विचारतात, पण थेट विचारायला लाजतात. भाडी कमी आहेत, घर लवकर मिळतं, हे खरं. इंग्रजीवर भागत नाही, हेही खरं. आणि थुरिंगियात २०२४ च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणारा पक्ष पहिला आला. लाइप्झिगमध्ये माझी मैत्रीण मजेत आहे. पूर्वेकडच्याच एका लहान गावात दुसरी रात्री एकटी ट्रॅमनं जात नाही. दोन्ही खऱ्या. मी कुणाला जा किंवा जाऊ नको असं म्हणणार नाही, तिथे आत्ता राहणाऱ्या आपल्या रंगाच्या माणसाशी बोला.

आत्ता राहणाऱ्या, हे मुद्दाम म्हणते. दहा-बारा वर्षं तिथे असलेल्या काकांचा सल्ला प्रेमळ असतो, पण त्यांनी घर जुन्या दरांच्या काळात भाड्यानं घेतलंय, त्या जुन्या करारानं भाडं कमी देतात. "म्युनिक एवढं काही महाग नाही" असं तेच म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी उतरलेल्या, अजून बॅगेवर बसून जेवणाऱ्या मुलाला विचारा. व्हिडिओ करणारे मार्गदर्शक तर मला अजिबात नकोत. ज्याला पाहुणे पाठवल्याचं कमिशन मिळतं तो मार्गदर्शक नव्हे.

आपल्याकडच्या आणखी दोन गोष्टी. आईवडील किंवा आजीआजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेले बरेच जण आहेत. त्यांना जर्मनीत व्हिसा लागत नाही, पण पत्त्याची नोंदणी त्यांनाही चुकत नाही. तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, हे घरात सगळ्यांना कळू द्या. आणि "इंग्लंडात स्विंडनला अख्खं गाव आहे, तिथेच जातो" हा हिशेब ब्रेक्झिटनंतर जुना झाला. २०२१ पासून नव्यानं जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकालाही ब्रिटनमध्ये राहायला व्हिसा लागतो. दुसरी गोष्ट ख्रिस्ती मित्रांना सांगा: नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक लिहिलं की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्चचा कर सुरू होतो. द्यायचा तर आनंदानं द्या, पण माहीत असून द्या.

मासळीवरून शहर ठरवू नका. गोठवलेला बांगडा कुठल्याही मोठ्या शहरातल्या आशियाई दुकानात मिळतो, उकडे तांदूळ केरळी माणसाच्या दुकानात. काळोखाचा मात्र विचार करा. डिसेंबरात हॅम्बर्गला जेमतेम साडेसात तास उजेड असतो.

घर बघताना अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे. मूळ भाडं आणि हीटिंग-पाण्यासकट भाडं हे दोन वेगळे आकडे असतात, जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लहान आकडा असतो. मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियरनं येईल, असं कुणी म्हणालं तर तिथेच बोलणं बंद. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आहे का हेही विचारा. हसू नका, अनेक रिकाम्या घरांत सिंकसुद्धा नसतं.

आणि पैसे देण्याआधी, अगदी खोली आवडली असली तरी, लेखी विचारा: "इस्ट डी आनमेल्डुंग म्योग्लिश?" नोंदणी करता येईल का? उत्तर "या" असं लेखी आलं तर पुढे बोला. "नंतर बघू" आलं तर खोली सोडा. पहिल्या महिन्यासाठी कंपनीकडे सोय मागा, आणि तिथे नोंदणी होते का हा प्रश्न एचआरलाही त्याच शब्दांत विचारा. मागायला संकोच वाटतो आपल्याला, मलाही वाटला. तिथे त्यात कुणाला काही वाटत नाही.

तारखेचंही बघा. गोव्यातली मुलं "चवथ करून निघते" म्हणतात, म्हणजे गणेशचतुर्थी झाल्यावर, बहुधा सप्टेंबरात. विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून खोल्यांसाठी वर्षातली सर्वांत वाईट गर्दी नेमकी तेव्हाच. विद्यार्थ्यांना इलाज नाही, त्यांनी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आल्या दिवशीच टाकावा. नोकरीवर जाणाऱ्यांनी मात्र रुजू व्हायची तारीख कंपनीशी बोलून जून-जुलैत आणता येते का पाहावं, नाहीतर डिसेंबरात. आई म्हणेल चवथीला नाहीस. तिला सांगा, रजा घेऊन पुढच्या वर्षी येते.