मिठाची लॅटिस एनर्जी ९०८ आली तर

वह्या तपासताना सोडियम क्लोराइडच्या गणिताखाली −९०८ दिसलं की मी वरच्या पायऱ्या वाचतच नाही. सरळ क्लोरिनवर बोट ठेवते. हमखास तिथंच चुकलेलं असतं.

आधी गणित मांडू. लॅटिस एनर्जी म्हणजे वायूतले सुटे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, एकत्र येऊन घन स्फटिक बनतो तेव्हा सुटणारी ऊर्जा. ती थेट मोजता येत नाही, कारण मीठ कितीही तापवलं तरी वाफेत सुटे आयन मिळत नाहीत, जोड्या नि जुडगेच निघतात. म्हणून १९१९ मध्ये बॉर्न आणि हेबर यांनी सुचवलेला वळसा घ्यायचा. हेसचा नियम सांगतो की वाट कुठलीही धरा, एन्थॅल्पीतला फरक, म्हणजे स्थिर दाबाखाली घेतलेली किंवा सोडलेली उष्णता, तोच.

कागदाच्या मध्यावर एक आडवी रेघ मारा. ही घन सोडियम आणि क्लोरिन वायूची पातळी. इथून वर चढायचं. सोडियमची वाफ करायला १०८, तिच्यातला इलेक्ट्रॉन काढायला ४९६. क्लोरिनचा अख्खा रेणू फोडायला २४२ लागतात, पण आपल्याला अणू एकच हवा, म्हणून १२१. त्या अणूला इलेक्ट्रॉन दिला की ३४९ परत मिळतात, तेवढं खाली या. सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल. चढण झाली ३७६. आता मधल्या रेघेच्या ४११ खाली मिठाची रेघ मारा, ती त्याची निर्मिती एन्थॅल्पी, म्हणजे मूलद्रव्यांपासून मीठ बनताना सुटणारी उष्णता. वरच्या आयनांपासून मिठापर्यंतचा उतार ३७६ अधिक ४११, म्हणजे −७८७. झालं.

रेघा खरोखर मारा, मनात नको. चिन्हांचा घोळ निम्म्याने तिथंच मिटतो.

क्लोरिनचे २४२ पूर्ण धरले की ते −९०८ येतं. −१४८५ आलं तर ३४९ उतरायच्या ऐवजी चढलात. आणि पुस्तकात +७८७ दिसलं तर घाबरू नका, तिथं स्फटिक फोडायची ऊर्जा दिलेली असते.

आता मॅग्नेशियम क्लोराइड स्वतः करा. निर्मिती −६४१, मॅग्नेशियमची वाफ १४८, पहिला इलेक्ट्रॉन ७३८, दुसरा १४५१. इथं क्लोरिनचे अणू दोन, तेव्हा २४२ पूर्ण आणि ३४९ दोनदा. −२५२२ यायला हवं. −१०७१ आलं, तर दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा राहिलाय.